घरचं उळं (कांद्याचं बी) पिढीगणिक खालावतंय? आधी डोंगळे मोजा

दादा, तुम्ही लिहिलंय की ३० निवडक कांद्यांचे डोंगळे करता (म्हणजे बियाण्यासाठी ते पुन्हा लावता), अर्धा किलोमीटरभर दुसऱ्या कुणाचे डोंगळे नाहीत, तरी दर पिढीला रोप नाजूक होतंय, गोंड्यात (फुलांच्या गोल झुपक्यात) बी भरत नाही आणि निम्मा माल गोल्टीत, म्हणजे बारीक कांद्यात जातो. वाचून पोटात कालवलं. हे सगळं मी निफाडला भोगलंय.

खत-पाण्यावर बोलत नाही, ते तुम्हाला माझ्याइतकंच कळतं.

माझी चूक एकच. आप्पांनी जपलेला उन्हाळ कांदा होता. चाळीत टिकलेल्यातले सगळ्यात देखणे, एका डोळ्याचे (जोड नसलेले) २५ कांदे निवडले आणि मळ्याच्या पार टोकाला लावले. भेसळ नको, एवढंच डोक्यात. दुसऱ्या पिढीचं रोप मंद वाटलं, ते थंडीवर ढकललं. तिसऱ्या पिढीला वाळलेला गोंडा तळहातावर चोळला, तर काळं बी मोजकंच, बाकी सगळं फोलपट. कांद्याला बी ते बी दोन वर्षं लागतात, म्हणजे चूक उमगेपर्यंत सहा वर्षं गेली.

मधल्या काळात एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. दर वेळी एकच प्रश्न, अंतर किती ठेवलं? प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर, पायाभूतला १००० मीटर, हे मला पाठ झालं. कांदे किती लावले, हे एकदाही कुणी विचारलं नाही. तिसऱ्या वेळी औषधाची चिठ्ठी हातात ठेवली. त्याचा राग अजून गेलेला नाही. त्या एका प्रश्नाने माझी निदान चार वर्षं वाचली असती.

कांद्याच्या एका फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे फूल स्वतःच्या परागावर फळत नाही. पण एका गोंड्यात शेकडो फुलं मागेपुढे उमलतात. मधमाशी त्याच गोंड्यावर फिरली तरी बी धरतं, फक्त ते घरातल्या घरातलं. २५ झाडांत दुसरं काय होणार? लपलेले दोष दोन्हीकडून एकत्र येतात आणि रोपात उघडे पडतात. त्यातही चार मोठ्या कांद्यांनी पाच-पाच दांडे टाकले की बरंचसं उळं त्या चौघांचंच. शिवाय तुकडा लहान असला की चुकून आलेला परका परागही जास्त भारी पडतो, कारण घरचा पराग मुळात थोडा.

माझं स्पष्ट मत, १०० च्या खाली डोंगळे करूच नयेत, २०० असतील तर उत्तम. देखणेपणावर अडून बसू नका. रोगट, जोड आणि डेंगळे (अकाली फुलाचे दांडे) आलेले काढा, बाकी राहू द्या. प्रत्येक झाडाचं बी सारखंच घ्या. आणि त्याच वाणाचे ४०-५० कांदे, घरचं बी राखणाऱ्या दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याकडून आणून आपल्या कांद्यांत मिसळून लावा. वेगळी सरी करू नका, माशी बहुतेक वेळा शेजारच्याच गोंड्यावर जाते. खरिपाचा लाल कांदा मात्र जवळ येऊ देऊ नका, चाळीतली टिकवण जाते. मी शास्त्रज्ञ नाही, तुमची जमीन वेगळी, तेव्हा आधी थोड्यावर करून बघा.

फुलोऱ्यात फुलकिड्यांवर सकाळी फवारा मारणारे बघितले की जीव तुटतो. माशीच मेली तर २०० डोंगळे लावून काय उपयोग? मारायचंच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी.

माझं बियाणं परत आलं ते देवळ्याहून. आप्पांनी फार पूर्वी मावसभावाला वाटीभर उळं दिलं होतं आणि तो दर वेळी दीड-दोनशे डोंगळे करत आलाय. त्याच्याकडून ६० कांदे आणून माझ्यात मिसळले. त्या बियाण्याची रोपं पहिल्याच हंगामात तरारली. तुमच्या घरचं उळंही कधीकाळी कुणी नेलं असेल. बाजारातून पुडी आणण्याआधी त्यांना फोन करा.