ड्रोन पायलटचा कोर्स आणि बारावीचे गणित

ताई, सप्रेम नमस्कार.

दापोलीहून आलेल्या आपल्या पत्रात आपण लिहिता की, ऑपरेशन सिंदूरच्या बातम्या पाहिल्यापासून बारावी विज्ञानात शिकणाऱ्या मुलाने एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी सोडली आहे. वैमानिकांचे दिवस संपले, असे सांगून तो खासगी संस्थेतील ड्रोन पायलटच्या कोर्सची फी आंब्याच्या पैशांतून भरण्याचा हट्ट धरून बसला आहे. ती फी आज भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलाची ओढ खरी आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. २०२० मध्ये आर्मेनियाविरुद्धच्या नागोर्नो-काराबाखच्या युद्धात तुर्की बनावटीच्या बायरक्तार टीबी-२ या मानवरहित विमानांनी अझरबैजानला मोठे यश मिळवून दिले आणि २०२२ च्या सुरुवातीला ती युक्रेनलाही उपयोगी पडली. परंतु रशियाची हवाई संरक्षण यंत्रणा सावरताच ही संथ विमाने आघाडीवर फारशी दिसेनाशी झाली. कोट्यवधी डॉलर किमतीची अमेरिकी रीपर ही मानवरहित विमानेही येमेनमधील हुथी बंडखोरांनी पाडली आहेत.

खरी मेख संपर्कात आहे. दूरवरचे विमान चालवताना आज्ञा सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्फत जाते आणि तिचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत सेकंदभर किंवा त्याहून अधिक वेळ निघून जातो. म्हणूनच अशा विमानांचे उड्डाण आणि अवतरण बहुधा धावपट्टीजवळची वेगळी तुकडी थेट रेडिओवरून सांभाळत आली आहे. शत्रूने जॅमिंग केले, म्हणजे रेडिओ लहरींत अडथळा आणला, की हा संपर्कच तुटतो, आणि त्यावर उपाय म्हणून युक्रेनच्या रणभूमीवर लहान ड्रोन ऑप्टिकल फायबरची तार मागे सोडत उडू लागले आहेत. शत्रू समोर नसतानाही धोका असतोच: आपल्या नौदलाने भाड्याने घेतलेले एमक्यू-९बी हे मानवरहित विमान सप्टेंबर २०२४ मध्ये तांत्रिक बिघाडामुळे बंगालच्या उपसागरात उतरवावे लागले.

या अडचणी सोडवणारी माणसेच पुढे लागणार आहेत, आणि त्यांचा पाया भौतिकशास्त्र व गणित हाच आहे. नागरी रिमोट पायलट प्रमाणपत्राला दहावी उत्तीर्ण आणि १८ वर्षे पूर्ण एवढी पात्रता पुरते. सर्वेक्षणाला, फवारणीला ते उपयोगी आहे आणि पुढे केव्हाही घेता येईल, मात्र त्यावर सैन्यात थेट प्रवेश मिळत नाही. एनडीएच्या वायुदल व नौदल शाखांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. तेथे निवड झाली नाही, तर लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखेचा विचार करावा. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. जाहिरातीतील जन्मतारखेची अट मात्र आजच तपासून घ्यावी.