पायविहिरीतल्या वटवाघळांवर बांधकामाच्या आवाजाचा, हादऱ्यांचा परिणाम कसा तपासायचा?

तुमचं म्हणणं असं की गावाबाहेरच्या जुन्या पायविहिरीत वटवाघळं आहेत, शेजारी पुलाचं पायलिंग, म्हणजे जमिनीत पायाचे खांब घालायचं काम, सुरू होऊन राहिलं आणि साइटवाला म्हणतो आवाज लिमिटमध्ये आहे. लिमिट कोणाची, ते विचारा ना त्याला आधी.

मी नागपूरकडे गिट्टीच्या खदानींवर ब्लास्टिंगचे हादरे मोजतो. साधं साउंड मीटर माणसाच्या कानाच्या हिशोबाचं असतं, २० किलोहर्ट्झच्या वरचं त्याला कळत नाही, आणि किडे खाणारी वटवाघळं बहुतेक त्याच्या वरच ओरडतात. त्यासाठी अल्ट्रासाउंड पकडणारा रेकॉर्डर लागतो. पायलिंगची धडधड खालच्या फ्रिक्वेन्सीची, पण सळई कापायचं कटर आणि कॉम्प्रेसरच्या पाइपची फुसफुस यातून वरचा आवाज निघतो. तो हवेत लवकर मरतो म्हणून कटर विहिरीपासून लांब नेलं तरी बराच फरक पडतो, खर्च काहीच नाही.

हादरे पकडणारा सेन्सर, म्हणजे जिओफोन, विहिरीच्या दगडालाच पक्का बसवायचा. मी असा रिपोर्ट पाहिला आहे ज्यात तो साइट ऑफिसमागच्या मुरमात ठेवला होता, आता त्यातून विहिरीचं काय कळणार! डीजीएमएसच्या, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या, १९९७ च्या सर्क्युलरमध्ये ऐतिहासिक बांधकामांसाठी ८ हर्ट्झच्या खालच्या हादऱ्यांना सेकंदाला २ मिलिमीटर वेगाची मर्यादा आहे, पण ती ब्लास्टिंगनं भिंतीला तडा जाऊ नये म्हणून, आत लटकलेल्या जिवाचा विचार त्यात नाही.

एकदा एप्रिलात अशाच विहिरीच्या काठावर बसलो होतो. दुपारचे तीन, ऊन म्हणजे आपलं नागपुरी ऊन, आणि दगड फोडायचा ब्रेकर सुरू झाला तशी दहा-बारा वटवाघळं भर उजेडात बाहेर, एकीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं, लगेच कावळे मागे लागले. हादऱ्याच्या मशीनवर तेव्हा सेकंदाला १.१ मिलिमीटर दिसत होतं, म्हणजे कागदावर सगळं ठीक.

म्हणून मोजणी करा, आणि काम सुरू व्हायच्या आधीच सुरू करा. सूर्यास्ताला विहिरीच्या तोंडापासून थोडं लांब बसायचं, बाहेर पडणारी मोजायची, पहिलं किती वाजता निघालं ते लिहायचं, असं रोज किमान आठ-दहा दिवस, कारण एका दिवसाच्या आकड्यावर साइटवाला वाद घालतोच. मग काम चालू असताना तेच, त्याच जागेवरून. संख्या घटली किंवा दिवसा उडायला लागली तर ब्रेकर कितीला सुरू झाला ती वेळ बाजूला लिहा. आत शिरू नका, टॉर्च मारू नका, नाहीतर त्रास तुम्हीच द्याल.

जात कोणती ते जाणकाराकडून बघून घ्या, तेही वनविभागाला सांगून. कर्नाटकात कोलारचं एक वटवाघूळ अतिसंकटग्रस्त आहे, त्याच्या गुहेलाही ग्रॅनाइटच्या खाणकामाचाच धोका. तुमची जात साधी निघाली तरी पिल्लांच्या महिन्यांत ब्रेकर बंद ठेवा असं लेखी मागा, आणि हॅलोजनचं तोंड विहिरीकडे नको हेही त्याच अर्जात टाका.