वाडा पाडण्याआधी त्याचं लेझर स्कॅनिंग करावं का? मोबाइलने भागेल का?

करा. सामान हलवून झाल्यावर, पण दारं-खिडक्या विकायच्या आधी. मी आर्किटेक्ट आहे, जुन्या वाड्यांची मोजमापं घेते. बहुतेकजण फोन करतात तेव्हा महिरपी गेलेल्या असतात.

मोबाइलचं म्हणाल तर २०२० पासून काही आयफोनमध्ये लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर आहे, पण त्याची पोच पाचेक मीटर. देवघर, एखादा कोरीव खांब, इतपत ठीक. अख्खा वाडा तसाच फिरून टिपायला गेलात तर चुका साठत जातात आणि फिरून चौकात येईपर्यंत चौकच जुळत नाही.

तिकाटण्यावरचा स्कॅनर सेकंदाला लाखो बिंदू मोजतो, तेही काही मिलिमीटरच्या फरकाने. मात्र समोर दिसेल तेवढंच त्याला कळतं. म्हणून तो देवडी, ओसरी, माजघर, माळा असा जागोजागी मांडावा लागतो. दोन स्कॅनमध्ये थोडा भाग सामाईक हवा, नाहीतर तुकडे जुळवता येत नाहीत. दारं उघडी ठेवून उंबरठ्यावरूनही एक स्कॅन घ्यायला सांगा. आरसे उतरवून ठेवा. आरशात दिसणारी खोली स्कॅनरला खरीच वाटते.

याचा खरा फायदा मला सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यात कळला. माजघराची आणि शेजारच्या खोलीची मापं एकत्र आली तेव्हा मधली भिंत चार फुटांहून जाड निघाली. घरातल्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, त्यात जिना होता. आम्हीच लिंपून टाकला." भिंतीतले जिने वाड्यांना नवे नाहीत, पण टेप घेऊन खोली-खोली मोजताना हा माझ्या नजरेतून निसटला होता.

गडबड होते ती नंतर, स्कॅनवरून संगणकावर वाड्याचं त्रिमितीय मॉडेल करताना. संगणकावर बसलेला मुलगा सवयीने भिंती काटकोनात ओढतो, तुळया सरळ करतो. वाड्याच्या भिंती वर जाताना निमुळत्या होतात, तुळईला झोल असतो. तो झोल मॉडेलमध्ये राहिलाच पाहिजे, हे कामाआधी लिहून घ्या. लाकूड कुठलं, सांधा कसा, भेंड्यांमागे, म्हणजे भिंतीतल्या मातीच्या विटांमागे, काय भरलंय, हे स्कॅनला दिसत नाही. ते पाडकामाच्या वेळी तिथे उभं राहून फोटो काढूनच कळेल.

आणि नुसता गोल फिरणारा व्हिडिओ घेऊन पैसे देऊ नका. मूळ पॉइंट क्लाउड, म्हणजे स्कॅनरने मोजलेले सगळे बिंदू, ई-५७ (E57) या खुल्या फॉरमॅटमध्ये मागा, दोन वेगळ्या डिस्कवर.