एका दाढेसाठी तीन डॉक्टर कशाला?

प्रश्न : गेली बारा वर्षे आम्ही एकाच दंतवैद्यांकडे जात आहोत. माझी खालची एक दाढ हिरडीपर्यंत तुटली, तेव्हा त्यांनी रूट कॅनालसाठी एका तज्ज्ञांकडे आणि हिरडीसाठी दुसऱ्यांकडे पाठवले. दोन्हीकडे नव्याने एक्स-रे काढले गेले आणि दोघांचे म्हणणेही जुळेना. आता घरचे म्हणतात, सगळे तज्ज्ञ एकाच छताखाली असतील अशा क्लिनिकमध्ये जा. त्याचा खरोखर उपयोग होतो, की ती नुसती पाटीवरची नावे असतात? (एक वाचक)

उत्तर : आपल्या दंतवैद्यांनी आपल्याला दुसरीकडे पाठवले यात त्यांचे काही चुकले, असे कृपया समजू नये. आपल्या आवाक्याबाहेरचे काम ओळखून ते योग्य हाती सोपवणे हा चांगल्या डॉक्टरांचा गुण आहे. आपली खरी अडचण वेगळी आहे : ज्या तिघांनी मिळून एक निर्णय घ्यायचा, ते कधी एकत्र बसलेच नाहीत.

आपल्या दाढेचेच पाहू. खालच्या पहिल्या दाढेला मुळे बहुधा दोनच असतात, परंतु त्यांतील नलिका सहसा तीन आणि कधी चार असतात. त्यातली एखादी स्वच्छ करायची राहून गेली, तर दुखणे काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढते. म्हणून रूट कॅनालच्या तज्ज्ञांचे लक्ष मुळांकडे असते. कॅप बसवणाऱ्यांची चिंता निराळी. कॅप टिकायची तर हिरडीच्या वर सर्व बाजूंनी साधारण २ मिलिमीटर तरी शाबूत दात शिल्लक असावा लागतो, आणि आपली दाढ तर हिरडीलगत तुटली आहे. कॅपची कड तशीच खाली, हाडाच्या फार जवळ नेली, तर तेथील हिरडी सुजलेली राहते आणि ब्रश लावताच रक्त येते. म्हणून हिरडीचे तज्ज्ञ आधी छोटी शस्त्रक्रिया करून दात थोडा उघडा करावा असे सुचवतात. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबरच आहे. परंतु दाढ वाचवण्याजोगी आहे की नाही, हे रूट कॅनाल करण्यापूर्वी ठरायला हवे, कारण नलिका भरून झाल्यावर कॅपला आधारच नाही असे कळले, तर सगळी मेहनत वाया जाते. एकाच एक्स-रेकडे पाहत तिघे जण दहा मिनिटे बोलले, तर हा घोळ टळतो. अशा क्लिनिकचा सर्वांत मोठा फायदा माझ्या मते हाच.

बाकीचे फायदे लहान असले तरी रोजच्या उपयोगाचे आहेत. आपले डॉक्टर रजेवर असताना गाल सुजला, तर तपासणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांसमोर आपली संपूर्ण नोंद असते; आपल्याला पेनिसिलिन चालत नाही किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे, हे दुखऱ्या तोंडाने पुन्हा सांगत बसावे लागत नाही. जबड्यातील नसेला खेटून असलेली अक्कलदाढ काढणे, लहान मुलांचे दात, तारा लावणे यांसाठीही वेगळा पत्ता शोधावा लागत नाही.

आता पाटीवरच्या नावांविषयी. आपली शंका रास्त आहे. काही ठिकाणी तज्ज्ञ आठवड्यातून एखाद्या दिवशीच येतात. त्यात गैर काही नाही, मात्र टाके दुखू लागले तर मधल्या दिवसांत कोण पाहणार, हे आधी विचारून घ्यावे. दर खेपेस नवा चेहरा समोर येत असेल आणि प्रत्येक जण पहिल्यापासून विचारपूस करीत असेल, तर तेथे डॉक्टर पुष्कळ असूनही आपली गत आजच्यासारखीच होईल. म्हणून पहिल्याच भेटीत दोन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात : माझ्या उपचाराची जबाबदारी कोणा एकावर आहे का, आणि सर्व टप्पे क्रमाने लिहिलेली योजना मला मिळेल का? शिवाय, दाढ काढायचाच सल्ला मिळाला आणि मन मानत नसेल, तर दुसरे मत त्याच क्लिनिकमधील सहकाऱ्याकडून न घेता बाहेरून घ्यावे.

आपल्या जुन्या दंतवैद्यांशी संबंध तोडण्याची मला काही गरज दिसत नाही. नेहमीची तपासणी आणि सफाई त्यांच्याकडेच होऊ शकते. या दाढेपुरते दुसरीकडे जाणार असाल, तर त्यांना तसे मोकळेपणाने सांगा आणि दोन्हीकडचे एक्स-रे मागून घेऊन सोबत न्या. ते स्पष्ट असतील, तर तिसऱ्यांदा काढण्याची वेळ बहुधा येणार नाही.