प्रशिक्षणाचं बिल आणि पंधरा दिवसांची मुदत

मुलुंडला बेकरी-कॅफेची फ्रँचायझी घेतलेल्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. कंपनीने त्यांच्या दुकानात कामाला ठेवलेल्या सहा मुलांना गुरुग्रामला दहा दिवस ट्रेनिंग दिलं आणि दुकान सुरू झाल्यावर २ लाख ४७ हजार ८०० रुपयांचं बिल धाडलं. माहितीपत्रकात 'संपूर्ण प्रशिक्षण कंपनीतर्फे' असं छापलंय, एरिया मॅनेजरही तेच बोलला होता, मग हा भुर्दंड आम्हाला का, असं त्या विचारतात. शिकलेल्यांपैकी दोघं महिन्याभरात सोडूनही गेले. जिमवाले, कोचिंग क्लासवाले, लॅबचं कलेक्शन सेंटर घेतलेले, सगळ्यांचं रडगाणं हेच असतं.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद, एवढंच. त्या अडतीस पानांत माझं बोट थांबलं ते बिलांच्या कलमावर: बिल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर बिल मान्य समजून रक्कम अनामतीतून वळती केली जाईल. तुमची अनामत पाच लाख. पत्र लिहिलंत तेव्हा अकरा दिवस उलटले होते, आणि त्या अकरा दिवसांत तुम्ही केलंत काय, तर मॅनेजरला फोन. तो म्हणाला, "मॅडम, बघतो." फोनवरचं 'बघतो' म्हणजे लेखी हरकत नव्हे. हा मजकूर छापून येईपर्यंत मुदत संपली असती, म्हणून तुम्हाला ईमेलने आधीच कळवलं आहे. इथे लिहितोय ते बाकीच्यांसाठी.

हक्क बजावायला अशी तोकडी मुदत घालणारं कलम करार कायद्याच्या कलम २८ पुढे टिकत नाही, असा युक्तिवाद करता येतो. मी करीनही. पण तो ऐकून घ्यायला आधी लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणारा त्रयस्थ, नेमला जायला हवा, आणि तोही करारानुसार गुरुग्रामला. मुंबईत दावा लावलात तर कंपनी लवादाच्या कलमावर बोट ठेवून अर्ज देईल, त्या अर्जावर तारखा पडतील आणि शेवटी कोर्ट तुम्हाला लवादाकडेच पाठवेल. तोवर अनामत त्यांच्या खात्यात. मुदतीत हरकतीचा ईमेल करायला मात्र पैसे पडत नाहीत.

हरकत कशावर घ्यायची? 'हा खर्च आमचा नाहीच' असं मोघम लिहू नका. ट्रेनिंगचं कलम म्हणतं की पहिल्या दोन माणसांचं शुल्क फ्रँचायझी फीमध्ये धरलेलं आहे. पुढच्या प्रत्येकाला दिवसाला ३,५०० रुपये. प्रवास, राहणं आणि त्या काळातला पगार तुमचा. बिलात मात्र सहाही मुलं धरून साठ दिवस लावलेत. व्हायला हवेत चाळीस. म्हणजे ७० हजार आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी १२,६००, मिळून ८२,६०० रुपये जादा. कॅफेवर ५ टक्क्यांनी कर भरत असाल तर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यामुळे तो जीएसटीही तुमच्याच खिशातून जातो. उरलेले १ लाख ६५ हजार २०० द्यावे लागतील असं मला दिसतं. ते 'हक्क राखून' असं लिहून भरा.

ईमेल करारात दिलेल्या पत्त्यावरच करा, मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर नको. शिवाय करारात रजिस्टर्ड पोस्ट म्हटलंय. ती सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती जपा.

माहितीपत्रकावर फार भिस्त ठेवू नका. छत्तिसाव्या पानावर 'या करारापलीकडे कोणतंही आश्वासन नाही' असं कलम आहे आणि त्याखाली तुमची सही. लेखी कराराच्या विरोधात तोंडी बोलणं सहसा पुराव्यात घेत नाहीत. दिशाभूल झाली म्हणावं, तर साध्या काळजीने खरं कळलं असतं का, हे करार कायद्याचं कलम १९ विचारतं. करार वाचला असता तर कळलं असतं, हे तुम्हीही नाकारणार नाही. तरी पत्रक फेकू नका. तडजोडीच्या बैठकीत ते टेबलावर ठेवायला बरं पडतं.

सोडून गेलेल्या दोन मुलांकडून वसुली? त्यांच्याकडून बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर ठरावीक रक्कम देईन अशी हमी, लिहून घेतलेला नाही, म्हणून विषय जवळजवळ संपला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला, पण तो मुळात लिहिलेला होता. पुढच्या मुलांसाठी ट्रेनिंगला पाठवण्याआधी, वाजवी रकमेचा आणि वाजवी मुदतीचा बाँड घ्या. आता गेलेल्यांचा शेवटचा पगार अडवू नका, आणि दुकानात ठेवलेले त्यांचे दहावीचे मूळ दाखले याच आठवड्यात परत करा.