कमी पडते असे वाटणाऱ्या एका आईस

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तू लिहितेस की सकाळी थोरल्यावर ओरडलीस, रात्री मुले झोपल्यावर पवित्र शास्त्र उघडलेस, दोन ओळी वाचून होण्याआधीच डोळे मिटले, आणि जाग आल्यावर ‘मी आई म्हणूनही कमी पडते आणि विश्वासणारी म्हणूनही’ असे म्हणत अंथरुणात पडून राहिलीस. या तीन गोष्टींची तू एकच गाठ मारून ठेवली आहेस. ती आधी सोडवू.

ओरडणे चुकले असेल, तर ते चुकलेच. त्यासाठी पश्चात्ताप आहे, आणि पापे पदरी घेतली तर देव क्षमा करण्यास विश्वासू आहे, हे वचन (1 योहान 1:9) आईलाही लागू आहे. मुलासमोर खाली बस, त्याच्या डोळ्यांना डोळे भिडव आणि ‘आई उगाच ओरडली, मला क्षमा कर’ एवढेच म्हण. त्यापुढे ‘पण तूही ऐकत नाहीस’ हे शेपूट जोडू नकोस. कधीही न चुकणाऱ्या आईपेक्षा चुकल्यावर क्षमा मागणारी आई मुलाला सुवार्ता अधिक स्पष्ट दाखवते, असे माझे ठाम मत आहे. मात्र एकदा क्षमा झाल्यावर तीच चूक रोज रात्री उकरून काढणे याला मी नम्रता म्हणणार नाही.

डोळे मिटणे हा तर नुसता थकवा आहे. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, आणि तो पुन्हा झोपला तेव्हा झोपू दिले (1 राजे 19). तान्ह्याला पाजताना पाठ असलेल्या स्तोत्राची एक ओळ मनात घोळवलीस, तरी सध्या ती तुझी उपासना आहे.

आता तिसरी गोष्ट. ‘मी कमी पडते’ हा तू स्वतःविरुद्ध दिलेला निवाडा आहे, आणि तो देताना तू पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रे या पुस्तकाचा 31 वा अध्याय हाती घेतेस, हे तुझ्या पत्रावरून दिसते. त्यातील सद्गुणी स्त्री पहाटेपूर्वी उठते, शेत विकत घेते, तिचा दिवा रात्री विझत नाही; आणि तू हे सारे एका दिवसाच्या वेळापत्रकासारखे वाचतेस. पण 10 ते 31 ही 22 वचने म्हणजे एक काव्य आहे. हिब्रू वर्णमालेत 22 अक्षरे आहेत आणि प्रत्येक वचन क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होते. आपण ‘अ पासून ज्ञ पर्यंत’ म्हणतो, तसे ते एका आयुष्याचे समग्र गुणगान आहे. त्या घरात दासी आहेत, हे 15 वे वचन सांगते. तिची मुले उठून तिला धन्य म्हणतात, म्हणजे ती बोलण्याइतकी, पारखण्याइतकी मोठी झालेली आहेत. तुझा धाकटा अजून अंगावर पितो. ज्या स्तुतीला अनेक वर्षांची कमाई लागते, तिच्या मापाने तू मंगळवारच्या दुपारी स्वतःची झडती का घ्यावीस?

त्यापेक्षा लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील मरीयेकडे, येशूच्या आईकडे, पाहा. यरुशलेमेहून परतताना 12 वर्षांचा येशू सोबत नाही, हे तिच्या व योसेफाच्या लक्षात यायला एक दिवसाची वाट चालून झाली होती, आणि तो सापडला तीन दिवसांनी. देवाने ज्या बाईच्या हाती आपला पुत्र सोपवला, तिच्याही वाट्याला तो घाबरा शोध आला, आणि तरीही येशू तिच्याबरोबर नासरेथास गेला व तिच्या आज्ञेत राहिला. तिचे आईपण देवाने काढून घेतले नाही.

एक गोष्ट मात्र आध्यात्मिक म्हणून बाजूला सारू नकोस. बाळंतपणानंतरचे रडू व हळवेपण बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. ते त्यानंतरही टिकले असेल, बाळ झोपलेले असतानाही झोप येत नसेल, कशातच जीव रमत नसेल, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जाणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला, तर त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी सांग आणि एकटी राहू नकोस.

आपला सहकारी तीत याला लिहिताना प्रेषित पौल म्हणतो की वृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांना पतीवर व मुलाबाळांवर प्रेम करण्यास शिकवावे. म्हणजे मुलांवर प्रेम करणेही शिकावे लागते, आणि ते दुसऱ्या बाईकडून शिकायचे असते, हे त्याने गृहीत धरले आहे. तुझ्या मंडळीत मुले वाढवून मोकळी झालेली एखादी बाई पाहा आणि या रविवारी उपासनेनंतर तिला सरळ विचार, ‘आठवड्यातून एकदा तासभर माझ्याकडे येऊन बसाल का?’ ती आली तर घर आवरत बसू नकोस. मूल तिच्या मांडीवर दे, आणि मला जे लिहिलेस ते तिलाही सांग.

तुझी,
मावशी