वाचकांचे प्रश्न: लॅब आणाल हो, पण त्याचं म्हातारपण कोण काढणार?

या महिन्यात नाशिक आणि आसपासच्या पत्रांत कुत्र्यांचाच विषय जास्त होता, त्यातली तीन पत्रं घेतोय. उत्तरं आपल्या नेहमीच्या पशुवैद्यक डॉक्टरांची.

प्रश्न: डॉक्टर, आम्ही कॉलेज रोडला राहतो, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगी सात वर्षांची आहे, वर्षभर एकच धोशा लावलाय, लॅबचं (लॅब्राडॉरचं) पिल्लू पाहिजे. मिस्टर तयार आहेत, सासरे ७० चे आहेत ते पण म्हणतात आणा, मला फिरायला सोबत होईल. सासूबाई मात्र ठाम नाही म्हणतात. यांच्याकडे पूर्वी टायगर नावाचा कुत्रा होता, तो गेला तेव्हा मिस्टरांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता म्हणे. "दहा वर्षांत मरणारं जनावर, जीव लावायचा आणि मग रडत बसायचं, पोरीला कशाला ते," असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू पटतात, काय करू?

उत्तर: ताई, सासूबाईंचा आकडा बरोबर आहे. लॅब साधारण १० ते १२ वर्षं जगतो, एखादा १३-१४ पर्यंत जातो. पण पोरगी रडेल याची मला तेवढी काळजी नाही, मला काळजी तुमच्या कमरेची आहे. जरा हिशोब मांडून बघा. आज मुलगी सातची, पिल्लू आणलं की पहिली दोन वर्षं नुसता धुडगूस, चपला, सोफा, सगळं. ती चौथी-पाचवीत असेल तेव्हा तो ऐन भरात. ती नववीत जाईल तेव्हा तो सात-आठचा, तोंडावर पांढरे केस आलेले. मग ती अकरावी-बारावीत, क्लास, सीईटी नाहीतर नीट, आणि ती अॅडमिशन घेऊन पुण्याला गेली की घरात राहणार ३० किलोचा म्हातारा लॅब, मागचे पाय धरलेले, दिवसातून तीन वेळा तीन मजले खाली न्यायचा. सासरे तेव्हा ८१ चे. मिस्टर कामावर. राहिलं कोण?

कुत्रा मागणारं माणूस एक असतं आणि त्याचं म्हातारपण काढणारं दुसरंच, आणि बहुतेक घरांत ते दुसरं माणूस म्हणजे आई, हे मी क्लिनिकला येणाऱ्या घरांत कायम बघतो. पिल्लाला पहिल्या लसीला आणताना पाच जण गाडीत बसून येतात, सेल्फी वगैरे. बारा वर्षांनी तोच कुत्रा रिक्षातून येतो तेव्हा बरोबर एकटी बाई असते, आणि त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून दोन टोकं वर धरलेली असतात, म्हणजे मागचा भाग उचलला जाऊन तो पुढच्या पायांवर चालतो. (टॉवेलची ही युक्ती चांगली आहे, लक्षात ठेवा, लागेल.)

आता ते कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, ते डोक्यातून काढून टाका. कुत्रं आधी धाडकन मोठं होतं आणि मग हळूहळू म्हातारं होतं. अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी २०२० साली लॅब्राडॉरच्या डीएनएवर वयाप्रमाणे होणारे बदल माणसांशी ताडून बघितले, त्या हिशोबाने एक वर्षाचा लॅब साधारण तिशीतल्या माणसासारखा, चार वर्षांचा पन्नाशी ओलांडलेला, आणि बारा वर्षांचा सत्तरीचा. म्हणजे मुलीचा धाकटा भाऊ म्हणून आणलेलं पिल्लू ती पाचवी-सहावीत जाईपर्यंत तिच्या बाबांना मागे टाकतं आणि दहावीच्या सुमारास आजोबांच्या पंगतीला जाऊन बसतं. घरातल्या प्रत्येकाशी त्याचं नातं बदलत जातं ते यामुळे. मुलांना वाटतं आता हा आमच्याशी खेळत नाही, बोअर झालाय. त्याला बसल्या जागेवरून उठायचा त्रास होत असतो. मग तो मुलांच्या खोलीतलं अंथरूण सोडून आजोबांच्या खाटेखाली जातो, कारण दिवसभर घरात तेच असतात आणि चालतातही त्याच्याच स्पीडने.

मग आणू नका म्हणतोय का? नाही. लॅबच पाहिजे हा हट्ट सोडा एवढंच म्हणतोय. मोठ्या जातीची कुत्री लवकर जातात, ग्रेट डेन तर ७-८ वर्षांत थकतो. २०१३ साली जर्मनीतल्या गटिंगेनच्या संशोधकांनी ७४ जातींचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की शरीराच्या दर २ किलो वजनामागे आयुष्य साधारण एका महिन्याने कमी होतं, कारण मोठी कुत्री म्हातारीच भराभर होतात. तुमच्या जिन्याला १५ किलोचं गावठी बरं. नीट सांभाळलं तर १२ ते १५ वर्षं जगतं, आपल्या उन्हाळ्याला सरावलेलं असतं (नाशिकच्या मे महिन्यात हस्की पाळणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, संपादक कापतील), आणि म्हातारपणी एकटीला उचलता येतं. सासऱ्यांच्या सोबतीसाठी म्हणत असाल तर पिल्लू नकोच, ते ७० च्या माणसाला गोदापार्कवर ओढत नेईल. तीन-चार वर्षांचं शांत झालेलं कुत्रं दत्तक घ्या, नाशिकमध्ये अशी कुत्री देणारे प्राणिप्रेमी भरपूर आहेत.

आणि तरी लॅबच आणलात, जे मला वाटतं तुम्ही आणणारच, तर त्याला बारीक ठेवा. कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या प्युरिना कंपनीने ४८ लॅब जोडीजोडीने पिल्लापासून शेवटपर्यंत सांभाळले होते. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं, तर कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले आणि पोटभर खाणारे ११.२, शिवाय बारीक कुत्र्यांचे सांधेही उशिरा धरले. २००२ साली छापून आलंय हे. म्हणजे पावणेदोन वर्षं नुसती वाटी कमी भरून मिळतात. सासूबाई पहिल्या आठवड्यात नाही म्हणतील आणि दुसऱ्या आठवड्यापासून तूप लावलेली पोळी टाकतील, ती तेवढी थांबवा.

मुलीचं म्हणाल तर सात-आठ वर्षांच्या मुलांना मरण म्हणजे परत न येणं हे कळतं. कुत्रा जाईल तेव्हा गेला असंच सांगा. "गावाला शेतावर सोडला" ही जी थाप आपल्याकडे सर्रास मारतात ना, ती मारू नका, मुलं वर्षानुवर्षं त्या शेताची चौकशी करत राहतात आणि खरं कळलं की राग कुत्र्याच्या जाण्याचा नसतो, तुमचा असतो. आणि तिला आत्तापासून एक काम नेमून द्या, पाणी भरणं, ब्रश करणं, काहीही, पण बारावीत सुद्धा चालू राहील असं.

प्रश्न: नमस्कार डॉक्टरसाहेब. सिडकोत राहतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आमची पॉम सोनू १४ वर्षांची आहे. किडनी गेली म्हणून सांगितलंय, चार दिवसांपासून खात नाही, रात्रभर भिंतीकडे तोंड करून भुंकते, जागीच शी-शू होते. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन देऊन मोकळी करा. मुलगा बेंगळुरूला आहे, सोनू त्यानेच शाळेत असताना आणलेली, तो व्हिडिओ कॉलवर म्हणतो मी दिवाळीला येईपर्यंत काही करू नका. मिसेसचे हाल होतायत. काय करावं?

उत्तर: काका, पहिल्या पत्राचं उत्तर वाचा, तुमच्याकडे तेच झालंय.

मुलाला दिवाळीला नाही, या शनिवारी बोलवा. रात्रीची बस पकडली की दुसऱ्या दिवशी पोचतो. येत नसेल तर निर्णय जे रात्री जागतायत त्यांचा, म्हणजे तुमचा आणि काकूंचा. भिंतीकडे बघून भुंकणं हे म्हाताऱ्या कुत्र्यांत मेंदू थकल्याचं लक्षण असू शकतं, किडनीचं विष अंगात चढलं की आणखी वाढतं. सोनू हट्ट करत नाहीये, तिला आपण कुठे आहोत तेच उमगत नसावं. ती खाते का, शेपटी हलवते का, आपण होऊन कूस बदलते का, एवढं बघा, तिन्हीला नाही असेल तर दिवाळीची वाट बघणं हे मुलासाठी आहे, सोनूसाठी नाही. इंजेक्शनची भीती असेल तर सांगतो. आधी गुंगीचं देतात, तिला गाढ झोप लागते, मग दुसरं औषध शिरेतून जातं आणि थोड्या वेळात हृदय थांबतं. तिला कळत नाही. घरी येऊन करणारे डॉक्टर मिळतात, विचारा. शक्य असेल तर काकूंनी जवळ बसावं, चौदा वर्षं तिने हात ओळखलाय तो त्यांचाच.

आणि तोपर्यंत तिला माणसाची पेनकिलर अजिबात देऊ नका, आयब्युप्रोफेन तर नाहीच नाही. उरलीसुरली किडनी जाईल.

मुलगा चिडेल. चिडू द्या. त्याच्या डोक्यात अजून शाळेतून आल्यावर जिन्यात उड्या मारणारी सोनू आहे, त्याने म्हातारी सोनू बघितलेलीच नाही.

प्रश्न: आमचा दिंडोरीकडे द्राक्षाचा मळा आहे. मळ्यावर कायम कुत्रं असतं पण पाच-सहा वर्षांवर एकही टिकत नाही, एक गेला की दुसरा आणतो आणि सगळ्यांचं नाव मोत्याच. वडिलांना कधी रडताना बघितलं नाही. शहरातली बायको आल्यापासून म्हणते तुम्हाला माया नाही. कुत्री इथे कमी का जगतात आणि माया नाही हे खरं का?

उत्तर: दादा, बायकोला सांगा, जो माणूस तिसऱ्या-चौथ्या कुत्र्यालाही मोत्याच म्हणतो त्याने पहिला मोत्या गेल्याचं अजून मान्य केलेलं नाही. बारा वर्षं एकच कुत्रं पाहिलेल्या घरातली माया वेगळी आणि दर सहा वर्षांनी पिल्लू आणावं लागणाऱ्या घरातली वेगळी, जीव तुटायची सवय झाली की माणूस तो बेताने लावतो. वडिलांनी मोत्याला पुरलं कुठे ते एकदा विचारून बघा, जागा बरोबर सांगतील.

आता कमी का जगतात. गावठी जातीत काही खोट नाही, तोच मोत्या कॉलेज रोडला तेरा वर्षं काढेल. मळ्यावर पिल्लाला लस नसते, पार्वो आणि डिस्टेंपर या विषाणूंच्या आजारांतच बरीच दगावतात, मग गोचिडाचा ताप, मग हायवे, आणि तुमच्या भागात बिबट्या. रात्री कुत्रं अंगणात साखळीला बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं आहे, त्याला पळताही येत नाही. बंद खोलीत नाहीतर जाळीच्या पक्क्या पिंजऱ्यात ठेवा, खिळ्यांचा पट्टा गळ्यात असला तर उत्तमच.

आणि द्राक्ष. हे आपल्या नाशिककरांना सांगितलं की हसतात, पण द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत, किडनी बंद पडते. प्रत्येक कुत्र्याला होतं असं नाही, एखादं घोसच्या घोस खाऊन ठणठणीत राहतं आणि दुसरं मूठभर बेदाण्यांत जातं, म्हणून आमचा तर खातो काही होत नाही यावर जाऊ नका. हार्वेस्टिंगच्या वेळी खाली पडलेला माल आणि रिजेक्शनचे ढीग उघडे ठेवू नका, फवारणीच्या ड्रममधलं पाणी तो पिणार नाही असं बघा. खाऊन उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, लघवी बंद झाल्यावर आणून फारसा उपयोग नसतो. कांद्याचं पण तसंच, रक्त कमी होतं, चाळीतला असो की भाजीतला.

नव्या मोत्याला सहा ते आठ आठवड्यांचा असताना पहिली लस द्या, मग दर तीन-चार आठवड्यांनी चार महिन्यांचा होईपर्यंत, तीन महिन्यांनंतर रेबीजची, पुढे डॉक्टर सांगतील तसे दरवर्षीचे डोस. बागेच्या एका फवारणीला जेवढे घालता त्यापेक्षा हा सगळा खर्च कमीच भरेल.